घरटी एक पगार

पनवेल,
बुधवार, १६ जुलै २०२५

ती. काका,
सा. न.

रविवारी काय झालं ते आधी लिहिते.

१. दुपारी हॉटेलात गर्दी होती. तळणीवरचा माणूस रजेवर होता. भांडी घासणाऱ्या वेणूबाईंना मासे तळायला उभं केलं.

२. कढई कलंडली. वेणूबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

३. तुम्ही स्वतः गाडी काढून त्यांना पनवेलला खासगी दवाखान्यात आणलं. पैसे तुम्हीच भरले.

४. दवाखान्यात विचारलं, कुठे भाजलं. तुम्ही सांगितलं, घरी, मासे तळताना. नातं विचारलं. तुम्ही सांगितलं, घरची आहे.

५. तोवर मी पोचले होते. मी म्हटलं, हॉटेलात भाजलं. तुम्ही म्हणालात, "मिताली, तू मध्ये बोलू नको." कागदावर 'घरी' असंच राहिलं.

६. सोमवारी मी कामगार विम्याच्या यादीत वेणूबाईंचं नाव शोधलं. नाही. त्यांच्या जाऊबाई भामा, त्यांचंही नाही. पगाराच्या यादीत त्या घरातलं एकच नाव आहे, भामाबाईंच्या नवऱ्याचं, रामूदादांचं.

एप्रिलपासून हॉटेलच्या पगाराचं काम माझ्याकडे आहे. रामूदादांच्या नावावर महिना तेहेतीस हजार जातात. ते तंदूर सांभाळतात, इतके दिवस काम केलेल्या माणसाला तेवढे मिळत असतील असं मला वाटलं होतं. ते पैसे तीन माणसांचे आहेत हे मला दवाखान्याच्या बाकावर भामाबाईंकडून कळलं.

याचा अर्थ काय होतो तो लिहिते. कागदावर आपलं हॉटेल किमान वेतनाच्या दुपटीहून जास्त पगार देतं. तपासणीला कुणी आलं तर शाबासकी देऊन जाईल. पण तेहेतीसला तीनने भागलं तर एकालाही किमान दर मिळत नाही. शिवाय कामगार विमा एकवीस हजारांपर्यंतच्या पगारालाच असतो. तिघांचा पगार एका नावावर दाखवल्यामुळे रामूदादाही त्यातून बाहेर पडले. म्हणजे कामाला तीन माणसं आणि विमा एकालाही नाही.

मला दोन गोष्टी कळायला हव्यात. वेणूबाई हॉटेलात कधीपासून कामाला आहेत, आणि तिघांचा पगार एका नावावर ठेवायचं कुणी ठरवलं.

फोनवर तुम्ही 'बघू' म्हणता आणि मग आपण दोघंही विसरल्यासारखं करतो. म्हणून पत्र. सकाळच्या भाजीच्या गाडीबरोबर पाठवते आहे.

मिताली


हॉटेल आगरवाडी,
१८/७/२५

चि. मिताली,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर नोटीस येईल असं वाटलं नव्हतं. आकडे घालून लिहिलंस, पोलीसपाटील पंचनामा करतो तसं. तुला इंजिनियर केली ती चूक झाली असं तुझी काकी म्हणते. ती हसत म्हणाली, राग धरू नको.

लहानपणी 'वेणूकाकी, वेणूकाकी' करत तिच्या पदराला धरून फिरायचीस. आता वेणूबाई झाली. बरं.

विचारलंस म्हणून सांगतो. कुणी ठरवलं नाही. तसंच होतं. आमच्या आगरात घरटी काम असायचं. मीठ ओढायला नवरा, बायको, भाऊ, सून सगळे उतरायचे. हप्त्याचे पैसे घराच्या कर्त्याच्या हातात पडायचे. तुझ्या आजीने वीस वर्षं आगरात मीठ ओढलं. तिचं नाव कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. कर्ता वाटून द्यायचा. कुणी उपाशी राहिलं नाही.

जमीन गेली, त्याचे पैसे आले, मी हॉटेल टाकलं. कुणी म्हणालं बाहेरची पोरं आण, स्वस्तात पडतील. मी म्हटलं नाय, आपली माणसं. गावातली सात घरं आली. घरटी एक पाकीट. जितके हात येतील तितके येवोत, घर माझं. रामूच्या मुलीच्या लग्नात मांडव माझा, जेवण माझं. भामाच्या डोळ्याचं ऑपरेशन मी केलं. ते तुझ्या यादीत कुठल्या रकान्यात बसतं ते सांग, मग तेही भरू.

वेणूचा खर्च मी करतोय आणि करणार. रामूच्या पाकिटातून एक रुपया कापणार नाही. मग कागदावर घरी लिहिलं काय आणि हॉटेलात लिहिलं काय, औषध तेच ना?

थकलोय मी. पुढच्या आठवड्यात गटारी आहे. त्या दिवशी हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण, मग माश्या मारायच्या. हे दिवस जाऊ दे.

तुझा काका,
धनेश


पनवेल,
सोमवार, २१ जुलै २०२५

ती. काका,
सा. न.

पत्र मिळालं. मी एका घराबद्दल विचारलं होतं. तुम्ही सात घरं असं लिहिलं आहे. मी यादी पुन्हा पाहिली. एकवीस हजारांच्या वर पगार असलेली बरोबर सात नावं आहेत आणि सातही पुरुषांची आहेत.

मांडव आणि डोळ्याचं ऑपरेशन कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुम्ही ते केलंत हे गावात सगळ्यांना माहीत आहे, मलाही. पण ते तुम्ही द्याल तेव्हा आणि द्याल तितकं असतं. पगार तसा नसतो. जानेवारीत आणि जुलैत महागाईचा भत्ता बदलतो तेव्हा तो वाढवावाच लागतो, मालकाच्या मनात असो वा नसो.

आजीबद्दल तुम्ही जे लिहिलं ते दोनदा वाचलं.

काल रविवारी मी दवाखान्यात गेले होते. वेणूबाई जाग्या होत्या. भामाबाई डबा घेऊन बसल्या होत्या. वेणूबाई मला म्हणाल्या, "मिसरीला धा रुपये दे गो, भावजी आले का देतील तुला परत." मी दिले आणि विचारलं, तुमच्याजवळ तुमचे काही नाहीत का. त्यावर भामाबाईच म्हणाल्या, "तिला कशाला पैसे? आमी हाव ना." नंतर भामाबाई खाली पाणी आणायला गेल्या तेव्हा वेणूबाई म्हणाल्या, "आमी हाव ना, आमी हाव ना. हाय तर खरं. पन मागावं लागतं."

डॉक्टरांशी बोलले. कातडी लावावी लागेल. त्यानंतर बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही असं ते म्हणाले. पुढचे कित्येक महिने त्या भांडी घासू शकणार नाहीत. बोटं वळली नाहीत तर कधीच नाही.

दवाखान्याचा खर्च तुम्ही करता आहात. पण हात कायमचा अधू झाला तर जन्मभर काहीतरी मिळण्याची सोय कामगार विम्यात असते, आणि ती त्यांच्या स्वतःच्या नावाने असते. नाव उशिरा नोंदलं तरी खरी तारीख लिहून मागचे हप्ते व्याजासकट भरले, तर त्यांचा दावा विचारात घेतला जातो. मंजूर होईलच असं मी लिहीत नाही. पण भाजल्याची जागा 'घर' अशी राहिली तर दावा करताच येणार नाही, एवढं नक्की. औषध तेच असतं. बाकीचं तेच नसतं.

म्हणून दवाखान्याला तुमचं पत्र हवं, की त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामावर असताना भाजल्या. आणि मला त्यांची रुजू झाल्याची तारीख हवी. हॉटेल २०२१च्या दिवाळीत उघडलं, तेव्हापासून त्या आहेत असं मला आठवतं. बरोबर आहे का ते कळवा.

मिताली


हॉटेल आगरवाडी,
२५/७/२५

चि. मिताली,
अनेक आशीर्वाद.

काल गटारी झाली. तीनशे लोक जेवून गेले. भांड्यांवर एक माणूस कमी होता, ते सगळ्यांना जाणवलं. भामा दोघींचं काम करत होती आणि तोंडाने तुला आठवत होती. काय म्हणत होती ते लिहीत नाही.

तारीख तुला बरोबर आठवते. दिवाळीपासूनच.

आता मी एक सांगतो ते नीट वाच. वेणूचं नाव नाही ते मी लपवलं म्हणून नाही. हॉटेल सुरू झालं तेव्हा हिशेबनीसाने सगळ्यांची कागदपत्रं मागितली होती. वेणू माझ्याकडे आली. म्हणाली, "धनेशदादा, माजं नाव नको लावू. निराधारचे पैसे बंद व्हतील." तिला नवरा गेल्यापासून सरकारचे निराधार योजनेचे पैसे मिळतात. पगार कागदावर आला की ते बंद. मी म्हटलं ठीक आहे. यात माझं काय चुकलं ते सांग. इतर घरांतल्या बायकांचंही असंच काही ना काही आहे. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं आणखी काय.

आता तू तिची चार वर्षांची नोकरी उकरून काढलीस तर सरकार तिलाच विचारील, बाई पगार घेत होतीस आणि निराधार कशी? मागचे परत मागतील. तू भलं करायला जाशील आणि ती बाई तुला शिव्या देईल.

आपला मॅनेजर कुमार, त्याने एक मार्ग सांगितला. वेणूचं नाव एक जुलैपासून टाकायचं. नवीन माणूस, याच महिन्यात रुजू. विमा लागतो, मागचं काही निघत नाही, निराधारचं पण नुसतं पुढचं बंद होतं. दवाखान्याचं पत्र मग देतो. सगळ्यांचं भागतं.

तुझ्या आईच्या स्वयंपाकघराचे पत्रे गळतात असं काकी सांगत होती. श्रावण सरला की बदलून घेतो, माणसं सांगून ठेवली आहेत.

धनेश


पनवेल,
सोमवार, २८ जुलै २०२५

ती. काका,
सा. न.

निराधारच्या पैशांचं मला माहीत नव्हतं. भामाबाई वेणूबाईंना बोलू देत नाहीत, त्यांच्यामुळे नाव लागलं नाही, असं मी धरून चालले होते. ते चुकीचं होतं.

एक जुलै ही तारीख मी टाकणार नाही. ती खोटी आहे म्हणून तर नाहीच, पण उपयोगाचीही नाही. बारा दिवसांच्या नोकरीत हात भाजलेला माणूस कुणाच्याही नजरेत भरतो. कुणी चौकशीला आलं आणि शेजारच्या टपरीवर विचारलं की वेणू इथे कधीपासून, तर पाच मिनिटांत उत्तर मिळेल. मग दावाही जाईल.

खरी तारीख टाकली तर काय होऊ शकतं ते मी वेणूबाईंना सांगेन आणि त्या म्हणतील ते तुम्हाला कळवेन. तोवर काही करू नका.

आईचे पत्रे आणि हा विषय एका पत्रात लिहू नका.

मिताली


हॉटेल आगरवाडी,
४/८/२५

चि. मिताली,
आशीर्वाद.

विषय मिटला. वेणूला शनिवारी घरी सोडलं. पट्टी बदलायला नर्स घरी येईल, सांगितलं आहे. कातडी लावायचं डॉक्टरांनी पुढे ढकललं, मधुमेह निघाला म्हणून.

वेणूने लिहून दिलं आहे की ती त्या दिवशी भामाला भेटायला आली होती आणि गर्दी बघून आपणहून हात लावायला उभी राहिली. पन्नास हजार दिले. रामूच्या हातात दिले, दोन माणसांसमोर. तिचं निराधारही चालू राहील. ती खूश आहे. रामू खूश आहे. तू पण आता डोक्यातून काढ.

शनिवारी राखीपौर्णिमा. आमचा दीपेश दरवर्षी तुझ्या राखीची वाट बघतो. जेवायलाच ये. आईला घेऊन ये.

काका


पनवेल,
शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

ती. काका,
सा. न.

बुधवारी मी अर्धा दिवस सुट्टी घेऊन वेणूबाईंच्या घरी गेले. तिथे जे पाहिलं आणि ऐकलं ते लिहिते. त्यात माझी भर नाही.

रामूदादा आणि भामाबाई हॉटेलात होते. वेणूबाई ओटीवर बसल्या होत्या, हात उशीवर ठेवून. त्यांनी मला डाव्या हाताचा अंगठा दाखवला. जांभळी शाई अजून पूर्ण गेली नव्हती. कुमार कागद घेऊन आला होता. वेणूबाई त्याला म्हणाल्या, "मना सही येते. सातवी शिकल्यें मी. हात बरा झाला का करीन." कुमार म्हणाला, "मावशी, तोवर थांबायला वेळ कुणाला आहे?" अंगठा त्याने स्वतः धरून उठवला. कागद वाचून दाखवला नाही. पन्नास हजार त्यांनी पाहिलेले नाहीत. रामूदादांनी ते पतपेढीतलं जुनं कर्ज फेडायला भरले आहेत, असं त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नाही. पाऊस पडतो म्हणून सांगावं तसं.

तुम्ही कुठे होतात ते मी विचारलं. "धनेशदादा आत नाय आले. गाडीतच बसून व्हते. त्यांना बगवत नसंल." यावर मी काही लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे तुम्ही गाडीत का बसलात.

मग मी त्यांना निराधारचं सांगितलं. खरी तारीख दिली तर ते पैसे बंद होतील. मागचेही परत मागतील का, ते मला माहीत नाही. मागू शकतात. हप्त्याने घेतील का, तेही माहीत नाही. आणि एवढं करून विम्याचा दावा मंजूर होईलच याची खात्री मी देऊ शकत नाही. हे सगळं मी दोनदा सांगितलं.

त्यांनी हाताखालची उशी सरळ केली. मग म्हणाल्या, "नाव नको, असं मीच बोल्ले होते. तवा हात धड होता. वाटलं, दोन्हीकडचं येतंय तर येऊ दे. आता निराधारचे बंद झाले तर व्हवू देत. परत मागतील तर देईन थोडं थोडं. पन मी चार वर्सं तिथं उभी व्हते, आन् ह्यो लिवतो का मी भेटायला आल्ते. भेटायला आलेल्या बाईला कुनी भांडी घासाया लावतं का?" आणि थोड्या वेळाने, "दादाला सांग, मी भांडत नाय. नाव लाव म्हनावं."

मी निघताना त्या हसून म्हणाल्या, "आता तरी वेणूकाकी बोल. का पगार सुरू झाल्याबिगर नाय बोलायचं?" मी म्हटलं, वेणूकाकी.

आता माझ्याकडून. आठ तारीख झाली. जुलैचे हप्ते भरायची मुदत पंधराला संपते आणि त्या दिवशी सुट्टी आहे. त्याआधी तीन गोष्टी हव्यात.

हॉटेलच्या कागदावर तुमच्या सहीने, की वेणूकाकी २०२१च्या दिवाळीपासून कामाला आहेत आणि १३ जुलैला स्वयंपाकघरात कामावर असताना भाजल्या. त्याच पत्रात, की अंगठा घेतलेला कागद रद्द समजावा. तो कागद फाडू नका, मला द्या.

सातही घरांतल्या माणसांची नावं, बायकांची धरून, आणि प्रत्येकाची रुजू झाल्याची खरी तारीख. ऑगस्टपासून प्रत्येकाचा पगार त्याच्या किंवा तिच्या खात्यात, किमान दराच्या खाली नाही. किती वाढतात ते मी काढून ठेवलं आहे. हॉटेलला ते झेपतं. नफा कमी होईल, हॉटेल बंद पडणार नाही. आकडे बघायचे असतील तर मी घेऊन येते. कुणाला सरकारी योजनेमुळे अडचण असेल तर त्या बाईशी मी स्वतः बोलेन, नवऱ्याशी किंवा दिराशी नाही.

मागचा फरक एकदम देता येणार नाही हे मला कळतं. कसा देणार ते लिहा. 'बघू' असं लिहू नका.

तुमचा नकार असेल तर तसं कळवा. मग पगाराच्या कामाचे सगळे पासवर्ड मी कुमारला न देता तुमच्या हातात देईन आणि काम सोडेन. वेणूकाकींनी दावा केला आणि मला विचारलं तर त्या दुपारी दवाखान्यात मी जे ऐकलं ते माझ्या नावाने आणि माझ्या सहीने लिहून देईन. ही धमकी समजू नका. नंतर कळण्यापेक्षा आधी माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिलं आहे.

आगरात आजीचे पैसे आजोबांच्या हातात पडायचे, तो तुमचा दोष नव्हता. तुम्ही तेव्हा लहान होतात. हे हॉटेल तुमचं आहे.

उद्या मी येईन. दीपेशला राखी बांधीन, आईही येईल, जेवून जाऊ. तेव्हा मी हा विषय काढणार नाही, तुम्हीही काढू नका. घरातल्या माणसांसमोर तुम्ही नाही म्हणालात तर नंतर हो म्हणणं तुम्हाला जड जाईल, आणि मला ते नको आहे.

उत्तर बुधवारी, १३ ऑगस्टला, संध्याकाळपर्यंत द्यावं. लेखी.

मिताली